सागाला पान नसताना

अन्याय दोघींवर झाला. एक मोहाटोल्याची जानो, पहिलटकरीण, दिवस भरत आलेली. दुसरी माझी थोरली बहीण नसरीन, चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिकेवर शिकवणारी. केव्हा झाला तेही सांगते. तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या एका बुधवारी, भर दुपारी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात, प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत होता तेव्हा. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. नावं छापली की लोक नावांवरून भांडत बसतात आणि घडलं ते बाजूला राहतं, हे मी पत्रकं वाटायच्या दिवसांत शिकले. घडलं ते मात्र मी जसंच्या तसं लिहिणार आहे.

आमचं घर चंद्रपुरात, किल्ल्याच्या परकोटाला लागून. पुढे अब्बांचं टिनाच्या कामाचं दुकान, मागे दोन खोल्या. पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या, लग्नाच्या हंगामात मुलीसोबत द्यायच्या गुलाबाची फुलं रंगवलेल्या ट्रंका. सकाळी पत्र्यावर हातोडी पडायला लागली की ती जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायची नाही, आणि आम्ही दोघी त्या आवाजातच शिकलो. आवाज थांबला की माझं अभ्यासातलं लक्ष उडायचं. दुपारी कोळशाच्या खाणीत सुरुंग उडायचे, फळीवरची भांडी किणकिणायची आणि अम्मी न बघता एक हात फळीवर ठेवायची. उन्हाळ्यात पत्र्याचं छत असं तापायचं की अम्मी दिवसा चूलच पेटवायची नाही. सकाळीच चण्याच्या डाळीचा दालचा आणि भात करून ठेवायची, सोबत कच्च्या आंब्याची फोड. घरात आम्ही हिंदी, उर्दू आणि गल्लीतली वऱ्हाडी असं सगळं एकत्र बोलायचो, आणि कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते कोणालाच ठाऊक नसायचं. आज मी वायरलेस नेटवर्कची प्राध्यापक आहे, थंड खोलीत बसून इंग्रजीत शिकवते. पण काही अवघड गणित मांडायचं असलं की कानात पत्रा वाजायला लागतो, तेव्हाच मांडता येतं.

आपा, म्हणजे नसरीन, इलेक्ट्रॉनिक्समध्ये विद्यापीठात वरच्या क्रमांकाने पास झाली आणि आपल्याच कॉलेजात शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, आणि उन्हाळा लागला की ‘ब्रेक’. ब्रेक म्हणजे परीक्षा संपल्या की तुम्हाला कामावरून कमी करायचं आणि कॉलेज उघडलं की नव्याने घ्यायचं, म्हणजे सलग नोकरी कधी होतच नाही. त्या मधल्या दिवसांत तुम्ही कॉलेजचे कोणीच नसता. प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा परत द्यायची. आपाने अशी कितीतरी वर्षं काढली. तिच्या विभागाचे प्रमुख, आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो, कायमचे होते. सर वाईट बोलायचे नाहीत. आपाला ‘बेटा’ म्हणायचे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तिच्या पीएचडीचा विषय जंगलातून जाणारा बिनतारी दुवा. तिला कागदावरची गणितं नको होती, खरा दुवा हवा होता. तालुक्याचा दवाखाना आणि सूरजागडच्या बाजूचं मोहाटोला, मध्ये डोंगराची एक धार. मोहाटोल्यात उपकेंद्र होतं, ललिताबाई नावाची नर्स होती, डॉक्टर नव्हता, फोन नव्हता, पावसाळ्यात रस्ताही नव्हता. दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीवर एक अँटेना, मोहाटोल्याच्या टेकाडावर दुसरा, आणि मध्ये आवाज आणि चित्र जाईल असा दुवा. परवाना लागायचा, जंगलात वायरलेस म्हटलं की पोलिसांची परवानगी लागायची, आणि अर्जावर सही कायमच्या माणसाची. सही सरांनी केली. कष्ट आपाचे आणि परवाना सरांच्या नावाचा, असं ते सुरुवातीपासूनच झालं.

अँटेना विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिने टिनाचे करायचे ठरवले. एका बाजूने बंद, एका बाजूने उघडा असा लांबट डबा, ठरल्या मापाचा. तिने अब्बांना चित्र काढून दिलं. अब्बांनी दोन डबे केले, आरशासारखे घासले, आणि दुसऱ्या तोंडालाही झाकण बसवून पक्कं झाळून टाकलं.

“अब्बा, ये क्या किया! तोंड उघडं पाहिजे होतं ना!”

“उघड्या तोंडाचा माल माह्या दुकानातून जात नाई,” अब्बा म्हणाले. “लोक म्हणतीन कारीगर अर्धवट ठेवून झोपला. अन चिमणी घर करीन त्यात.”

“त्यातूनच तर आवाज जाते अब्बा.”

“झाकण लावलं तर जात नाई?”

“नाई.”

“मंग तुह्या आवाजात दम नाई,” अब्बा म्हणाले आणि आतून अम्मी हसली.

शेवटी झाकणं कापली. पण अब्बांचं चिमणीचं म्हणणं खोटं नव्हतं. आपाने उघड्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला आणि अब्बा म्हणाले, “आता लोणच्याच्या बरणीसारखं दिसून राह्यलं.” घरात आम्ही त्या डब्यांना मग बरणीच म्हणायचो. मी तेव्हा त्याच कॉलेजात शिकत होते, विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे, आणि सुटीच्या दिवशी आपासोबत एसटीने मोहाटोल्याच्या फाट्यापर्यंत जायचे. पुढे पायी. बरणी माझ्या मांडीवर, वायरचं भेंडोळं तिच्या.

मोहाटोल्यात आमचा मुक्काम उपकेंद्राच्या ओसरीवर. जानोचं घर समोरच. ती आम्हाला टेंभरं, तेंदूची पिकली फळं, आणून द्यायची आणि आम्ही टेकाडावर लोखंडी पाइप उभा करत असू तेव्हा खाली बसून हसायची. तिला आमची दया यायची असं मला वाटतं. शिकलेल्या बाया आणि उन्हात पाइप धरून उभ्या. तिचा नवरा चैतू ठेकेदाराच्या तेंदूपत्त्याच्या ट्रॅक्टरवर होता. तो पाइप धरायला यायचा आणि दर वेळेस विचारायचा, “बाई, यातून माणूस नाई येत ना? नुस्ता फोटोच?” आपा म्हणायची, “नुस्ता फोटो अन आवाज.” तो म्हणायचा, “मंग डाक्टरचा फोटो सुई कशी टोचीन?” आणि सगळे हसायचे.

ज्या दिवशी दुवा लागला त्या दिवशी दवाखान्यातले तरुण डॉक्टर पडद्यावर आले. नव्यानेच रुजू झालेले, मिशी नीट न फुटलेली. ललिताबाईने गावातल्या एका म्हाताऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं, त्याच्या पायावर जुनं गळू होतं. डॉक्टरांनी पाय वळवायला लावला, प्रश्न विचारले, औषध सांगितलं, ते ललिताबाईच्या कपाटात होतं. गळू बसलं. एवढंच झालं. पण मोहाटोल्याने त्यातून एक गोष्ट पक्की धरली: या खोक्यासमोर बसलं की डॉक्टर बघतो. आम्ही त्यांना तसंच सांगितलं होतं आणि त्यांनी आमचा शब्द धरला. आमच्याकडे प्रात्यक्षिक आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग परीक्षा संपल्या आणि ब्रेक लागला. आपाने किल्ली परत केली. आणि त्याच ब्रेकमध्ये सरांनी उद्घाटन ठरवलं. पाहुणे मोठे होते, त्यांना तीच तारीख जमत होती असं सांगितलं गेलं. दुवा चालवायला आपाशिवाय कोणी नव्हतं, म्हणून सरांनी तिला बोलावलं आणि मोहाटोल्याच्या टोकाला जायला सांगितलं. दवाखान्याच्या टोकाला, मांडवात, ते स्वतः. “बेटा, तू कॅमेऱ्यात येऊ नको,” ते म्हणाले, मी तिथे उभी होते. “सध्या तू आपल्याकडे नाहीस ना. कोणी विचारलं तर घोटाळा होतो. नर्सला गणवेशात बसव. गावातली एखादी बाई बसव, साडी चांगली असू दे. ती नमस्कार करेल, पाहुणे नमस्कार करतील, झालं.” आपा “हो सर” म्हणाली. एसटीत मी तिला खूप बोलले. “तुला काहीच कसं वाटत नाही?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मुन्नी, लिंक लागू दे. बाकीचं जून महिन्यात बघू.” जूनमध्ये कॉलेज उघडायचं होतं.

त्या दिवशी ती तिकडे आणि मी इकडे, मांडवात, यंत्रांच्या टेबलामागे. आवारात कापडाचा मांडव, कूलर, तीन रांगा खुर्च्या, मागे आशाताई, अंगणवाडीच्या बाया, शाळेची मुलं. समोर मोठा टीव्ही. टीव्हीवर मोहाटोल्याचं उपकेंद्र, ललिताबाई पांढऱ्या साडीत ताठ बसलेली. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, सरांनी दोन शब्द बोलायला माइक घेतला. तेवढ्यात चित्रात गडबड झाली. चौघांनी एक खाट उपकेंद्रात आणली, ललिताबाई उठली, आणि कॅमेरा कोणीतरी खाटेकडे वळवला. खाटेवर जानो होती. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही, इतका सुजला होता.

मग आपाचा आवाज आला, मांडवातल्या मोठ्या भोंग्यातून. “डॉक्टर साहेब, आपण तिथे आहात का? पेशंट आहे. पत्ते तोडायला गेली होती, तिथेच पडली. डोकं खूप दुखून राह्यलं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली म्हणते.”

तरुण डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले. टेबलाजवळ आले, माझ्या हातातला छोटा माइक घेतला आणि म्हणाले, “बाई, पायाला सूज आहे का? बोट दाबून बघा.” आपा म्हणाली, “हो साहेब. बोट रुतते.” डॉक्टर म्हणाले, “ललिता सिस्टर, बीपी घ्या, अन...”

सर टेबलापाशी आले. हसत होते, पाहुण्यांकडे बघत. डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हे कार्यक्रमानंतर. पाहुण्यांसमोर असलं काय दाखवता?” आणि वाकून त्यांनी दुव्याच्या खोक्याची पिन विजेच्या बोर्डातून उपसली. टीव्ही निळा झाला. मी पिन परत लावली. त्यांनी परत काढली, वायर हाताला गुंडाळली आणि शिपायाला म्हणाले, “हिला बाहेर घे.” मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, नुसता आवाज आठवतो. माइकवर सर म्हणत होते, “तांत्रिक अडचण आहे, जंगल आहे, असं होतं. आपण सत्काराकडे वळू.” डॉक्टरांच्या वरिष्ठांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. आणि हार पडला. पहिल्या रांगेने हे पाहिलं. दुसऱ्या रांगेने पाहिलं. मागच्या बाया तर उभ्याच होत्या. पिन कोणी काढली हे त्या मांडवात कोणाला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

मोहाटोल्यात काय झालं ते मला नंतर ललिताबाईने सांगितलं, आपाने नाही. पडदा गेला तेव्हा चैतू म्हणाला, “बाई, ट्रॅक्टर आणू का? घेऊन जातो हिले.” आपा म्हणाली, “थांबा भाऊ, डॉक्टर बोलून राह्यले होते. सुई सांगणारच होते. आता लागते लिंक.” तिला वाटलं, बरणी हलली असेल. त्या आठवड्यात वारं होतं. ती टेकाडावर पळाली. पाइप धरून डबा रेसभर इकडे, रेसभर तिकडे, वरून ओरडून विचारायची, “आलं का?” खालून ललिताबाई म्हणायची, “नाई बाई.” ती परत फिरवायची. चैतू खाली जानोच्या डोक्यावर ओला फडका धरून बसला होता आणि वर बघत होता. त्यांनी वाट पाहिली कारण आपाने सांगितलं होतं, आणि आपाचा शब्द गळवाच्या वेळेस खरा ठरला होता. किती वेळ गेला ते मी विचारलं नाही. मग जानोला झटके यायला लागले आणि चैतू कोणाचं न ऐकता ट्रॅक्टर आणायला गेला.

दवाखान्याची जीप पाहुण्यांच्या ताफ्यात होती. ती मोकळी झाल्यावर डॉक्टर निघाले, मी मागे बसले. फाट्याच्या अलीकडे ट्रॅक्टर समोरून येताना दिसला. ट्रॉलीत तेंदूपत्त्याच्या गोण्या होत्या, त्या उतरवायलाही कोणी थांबलं नव्हतं, गोण्यांवर खाट. आपा खाट धरून उभी होती. डॉक्टर वर चढले आणि थोड्या वेळाने खाली उतरले. चैतूने ट्रॅक्टर वळवला. लेकरूही गेलं.

मी आपाला तिथेच, रस्त्यावर सांगितलं. “आपा, लिंक गेली नव्हती. सरांनी पिन काढली. मी पाहिलं. मी परत लावली, त्यांनी परत काढली.” तिच्या हातांना पाइपाचा गंज लागला होता. म्हणाली, “तू माझी बहीण आहेस मुन्नी. तू तेच म्हणशील.”

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काहीच चांगलं नाही. मी पत्रक लिहिलं, छापलं, चंद्रपूरच्या चौकांत स्वतः वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. चौकशी बसली. डॉक्टरांची तोवर बदली झाली होती, त्यांना कोणी बोलावलं नाही. माझं म्हणणं नात्यातलं म्हणून बाजूला ठेवलं. आणि कारण ठरलं ते असं: मधल्या झाडांच्या दाट पानांमुळे दुवा तुटला.

हे वाचून चंद्रपूर-गडचिरोलीचा कोणीही माणूस हसेल. मधली धार सगळी सागाची. भर उन्हाळ्यात सागाला पान असतं का? जानेवारीपासून गळायला लागतं, तेंदूच्या दिवसांत धार नुसती खराट्यासारखी उभी असते, आरपार आभाळ दिसतं. मोहाटोल्याच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण चौकशी खोलीत झाली आणि खोलीला खिडकी नव्हती बहुतेक.

सरांचं मात्र पुढे चांगलं झालं. पानांचा बिनतारी लहरींवर काय परिणाम होतो यावर त्यांना प्रकल्प मिळाला, मग दुसरा मिळाला. शोधनिबंध आले, परिषदा आल्या, बाहेरचे देश आले. मोहाटोल्याचा दुवा त्यांच्या प्रत्येक निबंधात सुरुवातीलाच असतो, पानांमुळे तुटलेला. मी याच विषयात आहे, म्हणून मला ते वाचावं लागतं. माझे विद्यार्थी त्यांचा आधार घेतात. मागे एक मुलगी तो निबंध घेऊन माझ्याकडे आली, “मॅडम, हे उदाहरण किती छान आहे ना.” मी तिला खुर्चीवर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. तिने ते उदाहरण काढून टाकलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी एवढंच उपयोगाचं काम केलं असेल.

जून महिन्यात आपाला परत घेतलं नाही. ती मागायलाही गेली नाही. पीएचडी सोडली. आता ती परकोटाजवळच्या त्याच घरात दहावीच्या पोरांना गणित शिकवते. अब्बा आणि अम्मी गेले, पुढचं दुकान बंद आहे. मी तिला कितीदा सांगितलं, आकडे मांडून दाखवले, त्या अंतरात, त्या हंगामात, त्या डब्यांनी दुवा तुटणं शक्य नव्हतं. ती आकडे तपासते. आकडे बरोबर आहेत म्हणते. मग म्हणते, “पण वारं होतं.” मध्ये एकदा जेवताना, काही विषय नसताना, हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, “मी चैतूले थांब काऊन म्हटलं?” मी उत्तर दिलं. बहिणीचं उत्तर तिला चालत नाही.

म्हणून हे प्रकरण मी तिच्यासाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलं आहे. तुम्ही त्या मांडवात होता. तीन रांगांमध्ये बसलेले अधिकारी, मागे उभ्या असलेल्या आशाताई, मला बाहेर काढणारा शिपाई, बदली झालेले डॉक्टर, तुम्ही सगळे अजून आहात, कोणी निवृत्त झाला असाल, कोणाला नातवंडं असतील. मला तुमची साक्ष नको, माफी नको, पेपरात पत्र तर नकोच. एसटी पकडा, चंद्रपूरला उतरा, परकोटाच्या कडेने चालत या, टिनाच्या बंद दुकानाशेजारचं दार वाजवा. संध्याकाळी या, तेव्हा पोरं गेलेली असतात. ती दार उघडेल आणि काय काम आहे विचारेल. तिला सांगा की तुम्ही तिथे होता, आणि पिन कोणाच्या हातात होती ते तुम्ही पाहिलं.